भोपळ्याच्या फुलाचे पाच साचे

काकूचा फॉर्म परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच शब्द खरडलेला होता, आणि तो काही केल्या काकूला लागेना. काकूची शाळा दुसरीपर्यंतची. छापील अक्षर तिला ओळख दाखवायचं, पण हातानं लिहिलेलं अक्षर म्हणजे परक्या गल्लीतलं कुत्रं, लांबूनच बघायचं. तिनं कागद खिडकीपाशी नेला, सुलटा धरला, उलटा धरला, शेवटी फ्रिजवर चुंबकाखाली अडकवला आणि सून कामावरून येईपर्यंत भांडी घासायला घेतली.

सून दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिचे डोळे तयार झालेले. चपला काढता काढताच तिनं ते वाचलं.

"काय लिहिलंय गं?"

"काही नाही आई. यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी बघू, असं."

"एवढं सगळं एका शब्दात? मोठी हुशार माणसं दिसतात."

सुनेनं पर्स खुंटीला अडकवली. "साचेबंद, असं लिहिलंय."

"मग बरोबरच आहे की!" काकू खूश झाली. "साच्यातलं, नीटनेटकं. ओळखलं म्हणायचं त्यांनी."

"नाही हो आई. साचेबंद म्हणजे... सगळं एकसारखं. डोकं न लावता केलेलं. चांगल्या अर्थी म्हणत नाहीत ते."

काकूच्या हातातली घासणी पातेल्यावरच थांबली. नळ चालू होता तो तसाच वाहत राहिला.

आता हा शब्द काकूला का एवढा लागला, ते समजायला जरा मागं जावं लागेल. काकू केकच्या दुकानात कामाला लागली ती डबे घासायला. तापलेले, काळे पडलेले, तळाला साखर जळून बसलेले डबे. तिथंच तिनं पाहिलं, की केकवरची साखरेची फुलं, पानं, झालरी येतात कुठून. साखर, डिंक आणि थोडं ग्लिसरीन मळून कणकेसारखा गोळा करायचा, तो रबरी साच्यात दाबायचा, की आलं फूल. साचे परदेशातून यायचे. एक फाटला की दुकानदार तीन दिवस कुणाशी धड बोलायचा नाही.

काकूचे यजमान खिडक्यांच्या काचा बसवायचे. सगळे त्यांना काका काचवाले म्हणत. काचेच्या कडेला भरायच्या सिलिकॉनची नळी घरी असायचीच. एकदा काकांनी अर्धी नळी तशीच उघडी टाकली, काकू सांडलेलं सिलिकॉन आवरत असताना तिच्या जुन्या कोटाचं बटण त्यात पडलं. सकाळी बटण निघालं आणि मागं त्याचा ठसा राहिला, चार भोकं आणि कडेची वेलबुट्टी जशीच्या तशी. काकू तो हातात धरून स्वयंपाकघरात उभीच राहिली. काका म्हणाले, "अगं, बटण गेलं तर गेलं, रडतेस कशाला?" ती रडत नव्हती. तिला साचा सापडला होता.

पुढं कळलं, की खिडकीचं सिलिकॉन खाण्याच्या वस्तूला चालत नाही. ज्यानं सांगितलं त्यानं चांगली खरडपट्टी काढून सांगितलं, पण काकूनं तेवढी कामाची गोष्ट उचलली आणि बाकीची त्याच्याकडेच ठेवली. खाण्याच्या वस्तूंना चालणारं वेगळं मिळतं. एक पांढरा गोळा, एक जांभळा. दोन्ही सारखे घेऊन मळायचे. रंग एक झाला की हाताशी पाच मिनिटं, तेवढ्यात दाबलं तर दाबलं, नाहीतर गोळा दगड होऊन तुमच्याकडे बघत बसतो.

मग काय, घरात काही सुरक्षित राहिलं नाही. कपाटाची मूठ, क्रोशाची लेस, शिंपला, कॉलरचं टोक. झाडाचं पान घेतलं तर मागची बाजू दाबायची, कारण शिरा मागं उभ्या असतात. आणि काकांच्या फुटक्या नक्षीदार काचा तर सोन्याची खाण. न्हाणीघराच्या खिडकीला जी काच लावतात ना, आतलं दिसू नये म्हणून, तिची नक्षी साखरेवर उठवली की मखमल. गावातल्या कितीतरी नवरा-नवरींनी न्हाणीघराची खिडकी कापून खाल्ली आणि वर "वा, काय नाजूक काम!" म्हणाले. काका हे सांगताना इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

अशी ही काकू. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या केकवर तिची फुलं गेली, दुकानाच्या नावानं गेली. त्याचं तिला काही नव्हतं. पण केक करणाऱ्यांच्या मंडळाचं दर वर्षी प्रदर्शन भरायचं, त्यात हस्तकौशल्याचं एक लांब टेबल असायचं, आणि त्या टेबलावर एकदा आपली वस्तू आपल्या नावानं मांडावी, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून तिनं आपल्या साच्यांचे आणि साखरेच्या नक्षीचे फोटो जोडून फॉर्म पाठवला, आणि आला तो हा लाल शब्द.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून काकू मंडळाच्या कचेरीत गेली. चिटणीस टेबलाशी बसले होते, गळ्यात दोरीला चष्मा. शेजारच्या खुर्चीत केकचे वर्ग घेणाऱ्या मॅडम. अर्ध्या गावाला त्यांनी गुलाब करायला शिकवलेलं.

"बसा मावशी," मॅडम म्हणाल्या.

काकू उभीच राहिली. बाईमाणूस बाईमाणसाला अशा सुरात मावशी म्हणालं, की पुढचं वाक्य चहाचे कप उचला असं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"माझं काम का बसत नाही, ते विचारायला आले."

चिटणीसांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "विभाग हस्तकौशल्याचा आहे. हातानं केलेलं हवं."

"मग हे काय मी पायानं केलंय?"

चिटणीस खोकले. मॅडम हसल्या, पण गोड. "तसं नाही हो. साच्यातून काढलं की ते तुमचं कौशल्य राहत नाही. पाकळी कशी हातानं लाटायची, कापायची, वळवायची."

"कापायची कशानं?"

"कटरनं. ते अवजार झालं."

"पत्र्याचा, पाकळीच्या आकाराचा, दुकानातून आणलेला?"

"हो, मग?"

"म्हणजे बूड नसलेला साचाच की तो."

चिटणीसांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मॅडमचं हसू मात्र तिथंच वाळलं. त्या पुढं झुकल्या आणि म्हणाल्या, "बरं, साचा तुम्ही घरी केला, मान्य. पण साच्यात दाबलं काय? पान झाडाचं. लेस कारखान्याची. काचेची नक्षी, तीही कारखान्याची. यात तुमचं काय आहे, मावशी?"

काकूनं फॉर्मची घडी घातली आणि ती बाहेर पडली. रस्ताभर ती स्वतःशीच चरफडत होती. मॅडम खोटं बोलल्या असत्या तर तिनं तिथंच त्यांना धुतलं असतं. पण बोचलं ते यासाठी, की त्यात थोडं खरं होतं.

घरी आल्यावर काका म्हणाले, "काय म्हणाले मंडळवाले?"

"म्हणाले, यात तुमचं काय आहे."

"खिडकी माझी आहे म्हणून सांगायचं."

"गप्प बसा हो."

काका गप्प बसले. चाळीस वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं एवढं त्यांना कळत होतं, कधी बोलायचं ते मात्र अजून शिकायचे होते.

मागच्या भिंतीवर भोपळ्याचा वेल चढलेला. मुद्दाम लावलेला नव्हे, भाजीतल्या बिया टाकल्या त्यातून उगवलेला. सकाळी सात वाजता काकू कचरा टाकायला गेली तर पिवळंधमक फूल उमललेलं, तळहाताएवढं. तिनं आजवर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. गुलाबाचे साचे बाजारात ढिगानं. कमळ, लिली, काय म्हणाल ते मिळेल. भोपळ्याच्या फुलाचा साचा कोण करणार? ते काय लग्नाच्या केकवर बसायचं फूल आहे?

"आता बसेल," काकू म्हणाली आणि फूल तोडून आत आणलं.

पण त्यावर गोळा दाबला तर फुलाची चटणी झाली. दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं दाबलं, पुन्हा चटणी. तिसऱ्या दिवशी ती चहा करून येईपर्यंत फूल मिटून गेलं. भोपळ्याचं फूल दहा वाजता दुकान बंद करतं, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याचा ठसा घ्यायचाच नाही, हे काकूला तेव्हा कळलं. ते बघायचं आणि करायचं.

मेणाची पाकळी घडवायला घेतली, तर शिरा जमेनात. केसाएवढी उभी शीर मेणावर चिकटवणार कशी? तिथं तिच्या डोक्यात उजेड पडला. उभी शीर करता येत नाही, पण ओरखडा तर काढता येतो! प्लास्टरच्या पाटीत पाकळीचा खड्डा कोरायचा, उलटा. जे उंच हवं ते खोल करायचं, जे खोल हवं ते उंच सोडायचं. शिरेच्या जागी सुईनं रेघ ओढायची. मग पाटी पाण्यात भिजवून त्यात मेण ओतायचं. भिजवली नाही तर मेण सुटत नाही, हेही एक पाटी फोडल्यावरच समजलं. मेणाची पाकळी निघाली की तिच्यावर सिलिकॉन, आणि मग कुठं साचा.

रोज सकाळी सात ते आठ काकू भिंतीपाशी स्टूल टाकून बसायची. फुलाकडे बघायची, डोळे मिटायची, ते डोक्यात उलटं करायची आणि आत येऊन कोरायची. तिचं सगळं जगच उलटं झालं. एकदा तिनं गॅस बंद करायच्या ऐवजी मोठा केला. एकदा काकांना "या" म्हणायचं तिथं "जा" म्हणाली आणि ते खरंच गेले, दोन तास आले नाहीत.

पाच पाकळ्यांसाठी एक साचा पुरला असता. सून म्हणाली, "आई, एकच करा ना, पाच वेळा दाबा."

"साचेबंद म्हणायला त्यांना सोपं जाईल," काकू म्हणाली. एका पाकळीची कड दुमडलेली, एकीची शीर मध्येच फुटून दोन झालेली, एकीला किड्यानं कुरतडलेलं. तिनं पाची वेगवेगळ्या कोरल्या. किड्याचं कुरतडणंही सोडलं नाही.

फॉर्म घ्यायची मुदत अजून होती. काकूनं सुनेकडून नवा फॉर्म भरून घेतला. वस्तूचं नाव या रकान्यात सुनेनं लिहिलं, साखरेचं फूल. काकूनं ते खोडायला लावलं. "साचे, असं लिही."

"आई, अहो साच्यावरूनच तर परत आला होता!"

"म्हणूनच. हातानं केलेली वस्तू मागतायत ना? ही घ्या म्हणावं. फूल कुणीही काढेल."

खिडकीवरच्या कारकुनानं जांभई देत शिक्का मारला. वाचलं नाही. सरकारी असो की मंडळाचा, शिक्का मारणारा माणूस वाचत नाही, यात गरिबाचं कधीकधी भलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी काकूला वाटलं, टेबलावर एक पाटी हवी, साखरेचीच. त्यांनी दिलेला शब्दच लावायचा, साचेबंद. तिनं परत आलेला फॉर्म समोर ठेवून एकेक अक्षर प्लास्टरमध्ये कोरलं, वेलांटी नाही, उकार नाही, सोपा शब्द. मेण ओतलं, सिलिकॉन दाबलं, साखरेची पाटी काढली आणि सुनेला हाक मारली.

सून बघतच राहिली. मग तोंडावर हात घेऊन खाली बसली. "आई, सगळी अक्षरं आरशातली झाली!"

महिनाभर जी बाई पाकळ्या उलट्या कोरत होती, ती अक्षरं सुलटी कोरून बसली होती. कारण फूल तिचं होतं, डोक्यात होतं. अक्षर परक्याचं, दिसलं तसं उतरवलं. काकूनं पाटी हातात घेतली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली.

"पुन्हा करू या का? वेळ आहे अजून," सून म्हणाली.

"छे. त्यांचा शब्द असाच बरा दिसतो."

हस्तकौशल्याच्या टेबलावर सकाळपासून गुलाबांची रांग. मधोमध काकूची जागा. काळं कापड, त्यावर पाच साचे तोंडं वर करून, पाटी, साखरेचा गोळा आणि कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी. लोक यायचे, खड्डे बघायचे, कुणीतरी विचारायचं, "केक कोणी खाल्ला वाटतं?"

परीक्षक बाहेरगावचे होते. जुने भट्टीवाले, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. ते थांबले. "वस्तू कुठाय?"

"ही काय."

"हे साचे आहेत."

"ओळखलंत की!"

"आणि पाटी उलटी का?"

"शब्द उलटा मिळाला होता, तसाच मांडलाय."

चिटणीस धावत आले. "अहो साहेब, हे चुकून आलंय, नियमात..." पण परीक्षकांनी तोवर एका खड्ड्यात बोट घातलं होतं. शिरेवरून बोट पुढं सरकलं, कडेला थांबलं.

"इथं तुटलंय का?"

"किड्यानं खाल्लंय. आमच्या वेलावरचाच आहे, ओळखीचा."

"भोपळा!" म्हातारा एकदम म्हणाला. "भोपळ्याचं फूल आहे हे." त्यांनी गोळ्याचा तुकडा तोडला आणि साच्यात दाबला. निघेना. ओढला तर अर्धा आत, अर्धा हातात.

"अहो, पुरचुंडी कशाला ठेवलीय, नाकाला लावायला?" काकू म्हणाली. "आधी पीठ भुरभुरायचं. एवढी भट्टी सांभाळली आणि पीठ विसरलात!"

आसपासचे हसले, परीक्षकही हसले. पीठ भुरभुरून पुन्हा दाबलं तर पाकळी आली, पातळ, शिरांसकट. एकेक करत पाच आल्या, काकूनं त्या बुडाशी चिमटून जोडल्या. काळ्या कापडावर फूल उभं राहिलं तेव्हा मागच्या रांगेतली बाई पुढं बघायला म्हणून चक्क खुर्चीवर चढली.

"मूळ कुठून आणलंत? कशावर दाबलं?" हा आवाज मॅडमचा. त्या कधी आल्या, कुणाला कळलं नव्हतं.

काकूनं पिशवीतून प्लास्टरच्या पाच पाट्या काढल्या, कोपरे उडालेल्या. मॅडमनी एक उचलली, उजेडाकडे तिरपी धरली. शिरेच्या रेघेवरून नख फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "खड्ड्यात कोरलंय? सगळं उलटं?"

"विचारलंत ना, यात माझं काय आहे. एवढं आहे."

संध्याकाळी बक्षिसं. पहिलं गुलाबांना, दुसरं गुलाबांना, तिसरंही. मग चिटणीसांनी काकूला मंचावर बोलावलं, "विशेष उत्तेजनार्थ." प्रमाणपत्र पुढं आलं. काकूनं हात मागं घेतले.

"उत्तेजन नको. मी आधीच पुरेशी उत्तेजित आहे."

सभागृहात खसखस पिकली. काका पहिल्या रांगेत ठसक्यानं लाल झाले. चिटणीस ध्वनिक्षेपक हातानं झाकून पुटपुटले, "काकू, काय हवंय तुम्हाला?"

"बक्षीस राहू दे त्यांचं, फुलं चांगली आहेत त्यांची. नियम लिहा. साचा चालतो, असा."

"पुढच्या सभेत घेऊ."

"वही तिथं टेबलावर आहे. पेन तुमच्या खिशाला आहे. मी इथं आहे."

छायाचित्र काढणारा कॅमेरा रोखून ताटकळला होता. "जरा हसा ना काकू."

"हसते. आधी लिहू दे त्यांना."

मॅडम जागेवरून उठल्या. "हे चालणार नाही. उद्या सगळे बाजारातून साचे आणतील आणि म्हणतील, घरी केले."

"मग त्यांना इथं कोरायला बसवा," काकू म्हणाली. "आणा पाटी, मी पहिली बसते. आत्ता."

मॅडमनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक आपल्या हातावरचे डाग बघण्यात गुंग होते. मागून कुणीतरी ओरडलं, "लिहा हो, आम्हाला घरी जायचंय!" मॅडम खाली बसल्या.

चिटणीसांनी वही ओढली. काकू त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली आणि सांगू लागली. ते लिहीत गेले.

"वाचा," ती म्हणाली.

"स्वतः कोरून केलेला साचा हा हातानं केलेला मानावा."

"मानावा?"

"हो. नियमाची भाषा असते तशी."

"मानायचं कशाला त्यात? कुणाची मेहेरबानी आहे? आहेच तो. 'आहे' लिहा."

चिटणीसांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला, 'मानावा' वर रेघ मारली आणि पुढं दोन अक्षरं लिहिली. काकूनं वाकून ती बघितली. हातानं लिहिलेलं होतं, तरी तिला लागलं.